पाच वर्षं आणि वर तीन महिने

मावशी तापाने झोपली होती तेव्हा मी तिच्या नावावर रेक्झिनचे तीन मोठे रोल उधारीवर आणले, आणि शहाणपणा तिथेच न थांबवता ते खुर्च्यांच्या मापाने कापूनही ठेवले. एका सिनेमागृहाच्या मालकाला सगळ्या खुर्च्यांना नवी कव्हरं हवी होती. एवढं मोठं काम हातचं जाईल अशी मला धास्ती वाटली. कापडवाल्याने बिल पुढे केलं, मी ऐटीत सही ठोकली. शिकलेला भाचा घरात ठेवल्याचा काहीतरी उपयोग दिसावा, हाही हेतू होताच.

ताप उतरल्यावर मावशी कामाला बसली. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, जे काही बसून बसून फाटतं ते सगळं तिच्याकडे येतं. काम करताना बारीक खिळे तिच्या ओठांत धरलेले असतात. एकेक जिभेने पुढे सरकवायचा, बोटांत घ्यायचा आणि ठोकायचा. बोलणंही त्या खिळ्यांच्या आडूनच. ती हो म्हणाली की नाही हे निम्म्या गिऱ्हाइकांना कळत नाही, आणि पुन्हा विचारायला नको म्हणून ती मागेल तेवढे पैसे देऊन मोकळी होतात. मी उधारीचा पराक्रम सांगितला तेव्हा मात्र तिने खिळे तोंडातून काढून टेबलावर ठेवले. मी त्या घरात राहायला आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

"कुणाच्या नावावर?"

"तुझ्याच की."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि ते बरं नव्हतं हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

त्याचं असं होतं. मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, कधीकाळी फर्निचरचं दुकान थाटलं होतं, पुढे भलीमोठी काच वगैरे. काच राहिली, दुकान बसलं. बँक, फायनान्स कंपनी आणि लाकूडवाला असे तिघं दारात उभे राहिले. कर्जाच्या कागदांवर मावशीचीही सही होती. काका शाळेची बस चालवायला लागले आणि जवळजवळ मुके झाले. वसुलीचे फोन मावशी घ्यायची, तेही खिळे तोंडात ठेवून. पलीकडचा दोनचारदा "काय म्हणालात?" करायचा आणि थकून ठेवून द्यायचा. पण असं किती दिवस चालणार? शेवटी तीच चौकशा करत कर्जदारांसाठीच्या एका सरकारी कचेरीत गेली आणि कायदेशीर तडजोड करून आली. पाच वर्षं दरमहा ठरलेला हप्ता कचेरीत भरायचा, तिथले अधिकारी तो तिघांत वाटणार. तेवढे दिवस व्याज बंद, फोन बंद. पाच वर्षं नीट पार पडली की उरलेलं माफ. तडजोड मोडली, तर सगळं जुनं कर्ज व्याजासकट परत मानगुटीवर. आणि मधल्या काळात अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय नवी उधारी करायची नाही. ही शेवटची अट मला माहीत होती. पण उधारी म्हणजे बँकेची, असं मी आपलं धरून चाललो होतो.

शेजारीपाजारी "किती राहिली?" असं विचारायचे, जणू मावशी आतमध्ये आहे. तीही शांतपणे सांगायची, "चांगली वागले तर लवकरच सुटेन." आणि ती फारच चांगली वागत होती. दुसऱ्या वर्षी एका दवाखान्याचं काम मिळालं, तर आपण होऊन कचेरीत जाऊन मिळकत वाढल्याचं सांगून आली. हप्ता वाढला. काकांनी रागाने दोन दिवस अबोला धरला. ते एरवीही बोलत नसल्यामुळे हे मावशीला मी सांगितल्यावर कळलं.

आता चौथं वर्ष संपत आलं होतं, आणि माझ्या एका सहीने चारही वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती. काका बऱ्याच दिवसांनी बोलले. म्हणाले, कापडवाला आपल्या ओळखीचा आहे, गुपचूप फेडून टाकू, कचेरीत कोण सांगायला जातंय. मला हे फार पटलं. मावशीने चपला घातल्या.

कचेरीत पंख्याखाली बसलेल्या अधिकाऱ्यांपुढे मी माझ्या चुकीवर एक लांबलचक प्रस्तावना सुरू केली. मावशीने मला हाताने बाजूला सारलं.

"सही याची आहे, पण नाव माझं आहे," ती म्हणाली. "कापड कापलंय, परत जाणार नाही. आता काय होईल ते सांगा."

अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं ना. अजून वर्षभर मला इथे यायचंय, तुमच्याकडे बघायचंय."

तिघांना कळवावं लागलं. त्यांचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मावशी सिनेमागृहाच्या अंधारात टॉर्च लावून खुर्च्या ठोकत होती. जुने खिळे उपटायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी मधूनच "काय होईल गं?" म्हणायचो, ती खिळ्यांमागून काहीतरी उत्तर द्यायची. ते काय होतं हे मला आजतागायत माहीत नाही.

उत्तर आलं. तिघांनीही सांभाळून घेतलं. आधी कापडवाल्याचं फेडायचं, त्यासाठी तीन हप्ते पुढे ढकलायचे. पुढे ढकललेला हप्ता कुठे जात नाही, तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. म्हणजे पाच वर्षांची झाली पाच वर्षं आणि वर तीन महिने. काकांनी कपाळाला हात लावला. मावशीने मला एवढंच ऐकवलं, "हे वरचे तीन महिने तुझे. रविवारी झोपायचं नाही."

मी झोपलो नाही. तिचाही एकही हप्ता चुकला नाही. एका दुपारी तडजोड पूर्ण झाल्याचा कागद आला. काकांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला आणि तोंड धुवायला आत गेले. मावशी म्हणाली, वाचून झालं असेल तर तो सोफा जरा धरा, एकटीला उलटत नाही. आमच्या घरात सोहळा म्हणायचा तो एवढाच झाला.

दुसऱ्या दिवशी मात्र ती ठेवणीतली साडी नेसून मला घेऊन निघाली, ती बटणवाल्या आजींच्या दुकानात. दोरे, चेन, बटणं यांची थोडी बाकी दुकान बुडालं तेव्हाची राहिली होती. तडजोडीच्या वेळी आजींनी यादीत यायला साफ नकार दिला होता. मी काय बँक आहे का, माझं नाव कचेरीत कशाला नाचवतेस, असं म्हणाल्या होत्या. यादीत नाही, म्हणून माफही नाही, असा मावशीचा सरळ हिशेब. तिने पैसे काउंटरवर ठेवले. आजींनी ते तिच्याकडे परत सरकवले.

"एवढे नव्हते. याच्या निम्मे असतील."

"आजी, एवढेच होते. मला पाठ आहेत."

"तुझं पाठांतर तुझ्याजवळ ठेव. आणि फिटलं की तू त्या कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात जाशील, ते मला कळत नाही होय?"

मावशी हट्टी, आजी तिच्याहून वरचढ. एक रक्कम वाढवतेय, दुसरी पाडतेय, असा उलटा घासाघिशीचा तमाशा बघायला दोन गिऱ्हाइकं थांबली. शेवटी आजींनी हिरव्या चेनचं बंडल मावशीच्या हातात कोंबलं, त्याचे रोख घेतले आणि जुन्याचं पुढच्या वेळी बघू म्हणाल्या. अशा पुढच्या वेळा आतापर्यंत चार झाल्या. रकमेवर अजून एकमत नाही.