लिंबाची फोड

नणंदेच्या बाळाचं बारसं झालं, पुरुषांची पंगत उठली आणि आम्ही बायका जेवायला बसलो. मेथीची भाजी होती, वरण होतं. लिंबं तेवढी संपली होती. धाकट्या जावेनं नवऱ्याच्या ताटातली पिळलेली फोड उचलली आणि आपल्या मेथीवर पुन्हा पिळली. थेंबही पडला नाही. “असू दे हो ताई, वास तरी लागला,” ती हसून म्हणाली.

मला हसू आलं नाही. आम्हा दोघींच्याही अंगात रक्त कमी. परवाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “पालेभाजीतलं लोह नुसतं खाऊन फारसं अंगी लागत नाही. त्याला लिंबाची, आवळ्याची सोबत लागते.” इतकी वर्षं वाटीवाटीनं मेथी खाऊनही आम्ही फिकट का, ते मला त्या कोरड्या फोडीत दिसलं. आम्हाला उपाशी कुणीच ठेवलं नाही. भाजी आमच्यापर्यंत पोचायची, आणि ती अंगी लावणारी एवढीशी फोड पहिल्या पंगतीतच संपायची. बरं, त्याबद्दल तक्रार करायची तर आपणच कोत्या ठरायचो!

दीर ओसरीवर सुपारी चघळत बसले होते. मी हाक मारली, “भावजी, लिंबं घेऊन या.”

“आता? जेवून घ्या की वहिनी.”

“नाही. लिंबं आल्यावरच जेवू.”

जावेनं हातातला घास ताटात ठेवला. मग एकेक करत सगळ्यांनीच हात आवरले. वरण निवत होतं. निवू दे. आजवर निवलेलंच तर जेवलोय.