शाळेतला तिचा पहिला शब्द

नाशिकहून बदली होऊन आम्ही बेंगळुरूला आलो, तेव्हा आमची मुलगी दुसरीत जाणार होती. मी सरकारी कारखान्यात इंजिनियर. बसवनगुडीत भाड्याचं घर मिळालं, शाळा तिथून चालत जाण्यासारखी. घरात ही पोरगी इतकी बडबडायची की तिची आई म्हणायची, "अगं, जरा श्वास तरी घे!" शाळेत मात्र तिने तोंड म्हणून उघडलं नाही. मुलींचं सगळं बोलणं कन्नडमध्ये. हिला ते कळायचं नाही, आणि आपण बोलायला गेलो तर हसतील अशी धास्ती.

कारखान्याची बस पकडण्याआधी मी तिला शाळेत सोडायचो. एकदा वाटेत तिने विचारलं, "बाबा, नाशिकची शाळा अजून तिथेच आहे?"

"आहे की."

"मग माझ्या बाकावर कोण बसतं?"

मी तिचा हात तेवढा घट्ट धरला.

दसऱ्याची सुट्टी संपली तरी तेच. शेवटी वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं. आता काय ऐकावं लागतंय, या काळजीत आम्ही दोघं गेलो. बाई हिंदीत म्हणाल्या, "बच्ची होशियार है, बोलेगी." मग हसून म्हणाल्या, "स्वल्प टाइम कोडी." थोडा वेळ द्या, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरूनही कळलं.

वर्ष सरत आलं होतं. खेळाच्या तासाला थ्रोबॉलमध्ये एक मुलगी कमी पडली, म्हणून सरांनी हिला जाळीजवळ उभं केलं. त्या संध्याकाळी मी घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच ती धावत आली.

"बाबा, मी आज शाळेत ओरडले!"

"काय ओरडलीस?"

"नंदु! म्हणजे माझा. चेंडू माझा, असं."

"मग झेललास?"

"नाही, पडला. पण मी ओरडले ना!"

तिच्या आईने त्या रात्री शिरा केला.

पुढची वर्षं भराभर गेली. दर जूनला बूट लहान व्हायचे. घरातल्या मराठीत 'बरं, बरं'च्या जागी 'सरी, सरी' कधी शिरलं ते कळलंही नाही. भाजीवाल्याशी मी अडखळलो की ती मधेच माझं वाक्य पुरं करायची, आणि तो माझ्याकडे बघायचंच सोडून द्यायचा.

नववीत ती संघाची कप्तान झाली. दुसऱ्या शाळेशी सामना होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघं कुंपणाशी सावलीत उभे राहिलो. अगदी अटीतटीच्या वेळी पंचांनी आमच्या संघातल्या एका लहानखुऱ्या मुलीचा पाय रेषेवर पडल्याचं सांगून गुण समोरच्यांना दिला. ती पोर रडकुंडीला आली. आमची मुलगी चालत पंचांपुढे गेली, हात मागे बांधून, आणि शांतपणे, न थांबता कन्नडमध्ये बोलत राहिली. पंच मान खाली घालून ऐकत होते.

शेजारच्या गृहस्थांनी मला कन्नडमध्येच विचारलं, कोण हो ही मुलगी?

"नम्म मगळु," मी म्हणालो. आमची मुलगी. माझं कन्नड इतक्या ठणठणीत आवाजात त्याआधी कधी निघालं नव्हतं.

निर्णय काही बदलला नाही, सामनाही गेला. ती घामाघूम होऊन आमच्याकडे आली, पण आधी त्या लहानखुरीला पाणी देऊन. "हरलो," म्हणाली, आणि लगेच, "भूक लागलीये." गांधी बाजारात तिने दोन मसाला डोसे खाल्ले. मी आपला तिच्याकडे बघत बसलो. माझी कॉफी तशीच निवून गेली.

आता ती म्हैसूरला कॉलेजच्या वसतिगृहात असते. रविवारी फोन येतो. मधेच खोलीतल्या मैत्रिणींशी तिच्या गप्पा सुरू होतात आणि आम्ही इकडे नुसते कान देऊन बसतो.

"अहो, ठेवू का फोन?" तिची आई विचारते.

"राहू दे," मी म्हणतो. "बोलू दे तिला."