मावशीचं चिनी औषध आणि वर्षाचा गोडा मसाला

विश्रांतवाडीतल्या आमच्या बिल्डिंगीने एका उन्हाळ्यात मावशीचं पाळी जाण्यावरचं औषध आमटीतून खाल्लं. कांडून मी आणलं होतं.

नववीत शाळा सुटली आणि परभणीकडच्या गावातून मी पुण्याला मावशीकडे आले. तिने पोटच्या पोरीसारखं ठेवलं, म्हणूनच जिवाला घोर, काही चुकलं तर ही मला परत धाडणार! (कप घाबरत घाबरत विसळायचे, म्हणून कप फुटायचे, म्हणून आणखी घाबरायचे.)

मावशीच्या अंगाची तेव्हा मध्येच आग व्हायची, घाम फुटायचा. काकांनी पंखा कमी केला की संपलंच! शेवटी ती चिनी वनौषधी देणाऱ्या एका बाईंकडे गेली.

"हार्मोन्सचा तोल गेलाय म्हणाल्या," पुडी सोडत मावशी म्हणाली. आत साली, मुळ्या, सुरकुतलेली लाल फळं. "शरीरातला गारवा म्हणजे यिन. ते कमी पडलंय."

"तरीच," काका पेपराआडून म्हणाले. "मी इतकी वर्षं उगाच स्वतःला दोष देत होतो."

पुडी दमट लागली म्हणून मावशीने ती माझ्या नकळत गच्चीवर उन्हात पसरली. शेजारीच वर्षभराच्या गोड्या मसाल्याचं सामान वाळत होतं. "मसाला भाजून कांडपाला दे गं," एवढं सांगून ती बाहेर गेली.

आमच्या गावाकडे काळं तिखट. गोडा मसाला मी पहिल्यांदाच बघत होते. त्यात म्हणे दगडफूल! ज्या घरात दगडावरचं शेवाळ आमटीत घालतात, तिथं चार सालींवर शंका घेणारी मी कोण? सगळं गोळा केलं, खमंग भाजलं, कांडून आणलं. वर शेजाऱ्यांना वाटी वाटी देऊनही आले!

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो आणि मावशी रिकामा कागद घेऊन गच्चीवरून उतरली.

"माझं औषध कुठंय?"

मी आमटीकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची दुसरी वाटी चालू होती.

"मावशे... मसाल्यात गेलं की गं!"

"म्हणजे आता माझी मिशी गळणार?" काका ओरडले.

मावशीने बाईंना फोन लावला. चिमूटभराने घाबरू नका, पण आता तो मसाला वापरू नका, असं त्या म्हणाल्या. झालं! आमची वरात वाट्या परत मागायला निघाली. शेजारच्या कुलकर्णी काकूंनी तर वाटी पदराआड धरली. "कालची आमटी खाऊन ह्यांनी स्वतःचं ताट स्वतः उचललं हो! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! वाटी परत मिळणार नाही." मावशीने ती अक्षरशः हिसकावून घेतली.

जिन्यात मला रडू फुटलं. "उद्याच्या गाडीनं जाते मी गावाला."

मावशी पायरीवर बसली होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून. मला वाटलं, रडतेय. हसत होती! "जातेस कुठं, भवाने? पुढच्या वर्षीचा मसाला तूच करायचा. माझ्या डोळ्यांदेखत!"

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मसाला मीच करते. मावशी समोर खुर्ची टाकून बसते आणि साल न् साल हुंगून मगच कढईत टाकू देते. घरभर तो खमंग वास सुटला की अजून माझे डोळे भरतात. मसाला म्हणाल तर आता अगदी अस्सल, पुणेरी, बिनचूक!

कुलकर्णी काकू मात्र दरवर्षी वाटी हुंगतात आणि नाक मुरडतात.

"त्या वर्षीची चव काही येत नाही गं तुझ्या हाताला!"