बाबांचा आवाज कशावर उभा होता

माझे सासरे एका जुन्या सर्व्हरमधून बोलतात. हे कुणाला पहिल्यांदा सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे, हिला बरंबिरं नाही का अशा नजरेने. म्हणून नीटच सांगते.

काही वर्षांपूर्वी बाबांच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. हातात पंधरा दिवस होते. मी ठाण्यात एका ऑफिसचे लिनक्स सर्व्हर, म्हणजे सगळ्या ऑफिसची कामं चालवणारे कॉम्प्युटर, सांभाळते, निम्मं आयुष्य त्यातच गेलंय, त्यामुळे रडण्याआधी शोधाशोध सुरू केली. एका संशोधकाने मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम केलेला. माणसाने ठरावीक वाक्यं वाचून दिली की तो त्याच माणसाच्या आवाजात बोलायचा. मी मेल टाकली, त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी प्रोग्राम पाठवूनही दिला. मग डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये दारंखिडक्यांना गोधड्या लावून बाबा आठ दिवस वाचत बसले. "म्हातारीने झाडाखाली ढोकळा खाल्ला." "ऋषींना थंडी वाजत होती." असली अर्थशून्य वाक्यं, शेकड्यांनी. मधेच रुमालाला रक्त लागायचं. मी म्हणायचे, "बाबा, आजच्यापुरतं बास." ते हातानेच मला गप करायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे.

तेव्हापासून ते टॅबवर टाइप करतात. कपाटाशेजारी, ऑफिसने मोडीत काढलेला एक सर्व्हर आहे, त्यावर तो प्रोग्राम चालतो आणि स्पीकरमधून बाबा बोलतात. राग नाही, हसू नाही, सगळं एका पट्टीत. पण आवाज त्यांचाच, तो किंचित घोगरा, शिक्षकी. "आमटीत मीठ कमी आहे" हेसुद्धा त्यांच्याच आवाजात ऐकून घ्यावं लागतं.

कोपरीला बाबांची थोरली बहीण राहते, आमच्या आत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रोज सकाळी दहाला भावाबहिणीचा फोन. बाबा पेपरातलं शब्दकोडं वाचून दाखवतात, आत्या उत्तरं सांगतात, बाबा लिहितात. आत्या चुकल्या तरी कबूल करत नाहीत, मग बाबा तावातावाने टाइप करतात आणि मशीन ते भांडण अगदी शांतपणे बोलून दाखवतं. आम्हाला सगळ्यांना बाबा पाटीवर लिहून दाखवू शकतात. आत्यांना काय दाखवणार? त्यांच्यापर्यंत पोचायला बाबांकडे हा एवढाच रस्ता.

आणि तो रस्ता मी बंद केला.

यंदा गणपती झाल्यावर सर्व्हरची डिस्क कुरकुरायला लागली. मी म्हटलं, जाते ही आता. ताबडतोब प्रोग्रामचं फोल्डर आणि बाबांच्या आवाजाची फाईल दुसरीकडे उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी डिस्क खरंच मेली. मी काय मिरवले म्हणून सांगू! नवऱ्याला ऐकवलं, "याला म्हणतात अनुभव." नवी डिस्क, त्यावर नवीकोरी सिस्टिम, फोल्डर जागेवर ठेवलं, प्रोग्राम चालू केला. स्क्रीनवर आलं, अशी फाईल नाही.

फाईल समोर दिसत होती. असं का होतं, हे मात्र मला माहीत होतं. प्रोग्राम जुन्या, बत्तीस बिटच्या जमान्यातला. त्याला उचलून चालवणारा छोटा मदतनीस प्रोग्रामच नव्या सिस्टिममध्ये नव्हता, आणि मशीन बावळटासारखं त्याच्याऐवजी आपल्याच फाईलबद्दल बोलतं. तो मदतनीस बसवला. मग खरी रड सुरू झाली.

लिनक्सवरचा कुठलाही प्रोग्राम एकटा नसतो. आमच्या सोसायटीत जसं प्रत्येकाने स्वतःची विहीर खणलेली नाही, गच्चीवर एक टाकी आहे आणि सगळ्यांचे नळ तिला जोडलेत, तसंच. आवाज वाजवणं, गणितं करणं, अक्षरं ओळखणं, ही कामं करणाऱ्या सामायिक लायब्रऱ्या सिस्टिममध्ये असतात आणि प्रोग्राम त्यांच्याकडून काम करून घेतो. त्या कुठल्या, हे विचारायला एक छोटीशी आज्ञा आहे. ती दिली. यादी आली. चार नावांपुढे लिहिलेलं: सापडली नाही.

मी खुर्चीत बसूनच राहिले. मी बाबांचा आवाज वाचवलेला, पण तो ज्यांच्यावर उभा होता त्या लायब्रऱ्या डिस्कबरोबर गेलेल्या. ऑफिसात मुलांना कोकलून सांगते, नुसता प्रोग्राम उचलू नका रे, त्याच्या खालचंही उचला. आणि घरी? दिव्याखाली अंधार. वर बाबांच्या वाचनाचं मूळ रेकॉर्डिंगही नव्हतं. डिस्कवर जागा हवी म्हणून मागेच पुसलेलं. तेही मीच. संशोधकाला मेल टाकली तर पत्ताच बंद झालेला.

नवरा म्हणाला, "अगं, आता एआयने सगळं होतं," आणि त्याने मोबाइलवर एक गुळगुळीत आवाज लावून दाखवला. बातम्या देणाऱ्यासारखा. बाबांनी ऐकला आणि पाटीवर लिहिलं, "हा माझा कोणी लागत नाही."

दहा वाजले, फोन आला. मी आत्यांना म्हटलं, "मशीन बिघडलंय, करतेय दुरुस्त." त्या म्हणाल्या, "बरं बरं, कर सावकाश." पण फोन ठेवला नाही त्यांनी. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. बाबा शेजारी पेपर उघडून बसलेले.

मी रजा टाकली. चारपैकी तीन लायब्रऱ्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मिळाल्या. चौथी आवाजाच्या लाटांची गणितं करणारी होती. प्रोग्रामला तिची जुनी आवृत्ती हवी होती, मिळत होती नवी. दहाला दहा मिनिटं कमी. मला धीर धरवेना. मी नव्या लायब्ररीला जुन्या नावाची पाटी लावली. एका ओळीचं काम. प्रोग्राम फसला, मुकाट चालू झाला, एकही तक्रार नाही. मी ओरडलेच, "झालं!"

बाबांनी घाईघाईने टाइप केलं, फोन स्पीकरजवळ धरला, आणि स्पीकरमधून एक पातळ, भरभर, किरटा आवाज बाहेर पडला: "ताई, मी आलो."

आत्या म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

बाबांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच किरटा आवाज; नव्या लायब्ररीचं गणितच वेगळं होतं. आत्या घाबरल्या. "अहो, कोण आहात तुम्ही? माझ्या भावाला द्या फोन." बाबांनी फोन बंद केला, टॅब उपडा ठेवला आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. मला एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे बोलणार तरी कशाने? मला इतकी लाज वाटली की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला. ती बाळकुमची, जिभेला हाड नाही. सगळं ऐकून म्हणाली, "पाटी बदललीस? तू? आम्ही केलं असतं तर सोलून काढलं असतंस ना?" मी म्हटलं, "बोल, बोल, आज तुझा दिवस आहे." मग ती जरा नरमली. "अगं, जुनी पॅकेजेस, या लायब्रऱ्यांची गाठोडी, जपून ठेवणारे लोक असतात. त्या काळातलं भांडार शोध. घाई करू नको, एकेक वाच."

आणि मी वाचत गेले. इथून पुढे जे दिसलं ते मी इतकी वर्षं रोज वापरत होते आणि कधी बघितलंच नव्हतं. जगात कुठेतरी काही माणसांनी, कुणी सांगितलेलं नसताना, प्रत्येक लायब्ररीची प्रत्येक आवृत्ती ठेवून दिलीय. कालची, परवाची, पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारची. कुणाला लागेल? माहीत नाही. लागली तर असू दे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीची वीजबिलं सापडत नाहीत हो!

ती लायब्ररी मिळाली. तिला आणखी एक हवी होती, त्या दुसरीला तिसरी. एरवी मी वैतागले असते. पण प्रत्येकीबरोबर तिच्यात केलेल्या बदलांच्या नोंदी होत्या आणि त्या मी कादंबरीसारख्या वाचत बसले. कुणी लिहिलेलं, स्वस्त स्पीकरवर करकर येते अशी एकाची तक्रार होती, ती काढली. कुणी एक बेरीज एवढीशी अचूक केलेली, आणि खाली लिहिलेलं की फरक कुणाला ऐकू येणार नाही, पण चूक ती चूक. एकाने निरोप घेतलेला: घरी बाळ आलंय, आता वेळ होणार नाही, कुणीतरी हे पुढे सांभाळा. आणि त्याच्याखाली, महिनाभरानंतर, वेगळ्याच माणसाची नोंद: मी सांभाळतो.

माझ्या अंगावर काटा आला. ही माणसं डोंबिवलीचं नाव ऐकून असतील का? त्यांना ठाऊक असेल का, की त्यांनी काढलेली करकर म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घशातली करकर होती? बाबा नुसतं "ताई" म्हणतात तेव्हा खाली किती हात लागलेले असतात! बापरे. बाबांना बोलावून त्या नोंदी मराठीत वाचून दाखवल्या. ते चष्मा कपाळावर चढवून ऐकत राहिले. मग पाटीवर लिहिलं, "यांना पगार कोण देतं?" मी म्हटलं, "बहुतेकांना कुणीच नाही." त्यांनी ती पाटी बराच वेळ पुसली नाही.

सगळ्या जुन्या लायब्रऱ्या मी प्रोग्रामशेजारीच एका फोल्डरमध्ये ठेवल्या, नव्या सिस्टिमला हात न लावता, आणि प्रोग्रामला सांगितलं, आधी इथे बघ. पाटी बदललेली ती आधी उचकटून टाकली. यादी पुन्हा मागवली. प्रत्येक नावापुढे पत्ता. एकही रिकामं नाही. चौथ्या दिवशीचे साडेनऊ वाजलेले, बाहेर कारखान्यांचा तो नेहमीचा वास सुटलेला, म्हणून खिडक्या बंद केल्या आणि बाबांपुढे टॅब ठेवला. त्यांनी एका बोटाने बराच वेळ टाइप केलं. मला वाटलं, आता मला बोलणी बसणार, बसू देत, माझीच कमाई. स्पीकर म्हणाला, "तू सकाळपासून चहा घेतलेला नाहीस. आधी घे."

घोगरा. शिक्षकी. त्यांचा.

चहा कसला घेते, मी आधी फोन लावला. आत्यांनी उचलला, पण काही बोलल्या नाहीत. परवाच्या त्या किरट्या आवाजाचा धसका घेतला असावा. बाबांनी बटण दाबलं. "ताई, मी आहे. यंत्र नीट झालं."

 मग आत्या म्हणाल्या, "परत म्हण."

बाबांनी परत दाबलं. तेच शब्द, त्याच पट्टीत.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. "भाऊ, एक सांगू? कधी बोलले नाही तुला. तुझा चेहरा मला आता आठवत नाही रे. रोज आठवायला बसते, पण नाक आठवलं की डोळे जातात. परवा तो कोण परका बोलला ना, त्या रात्रीपासून तुझा आवाजही कानात धरून ठेवायला बघत होते, आणि तोही निसटायला लागलेला. म्हटलं, तोही गेला तर माझ्याकडे तू उरलास कुठे?"

बाबांनी टॅबवर बोट टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. टॅबवर अक्षर उमटेना, नुसतंच त्यांच्या डोळ्यांतलं पाणी काचेवर पडत होतं.

"भाऊ?" आत्या म्हणाल्या. "बंद पडलं की काय परत? अरे, बोल ना काहीतरी. काहीही बोल."