सुनेची नेलपॉलिश आणि सहा किलोची खूण

पंपावर चाळीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. मीटरच्या काचेवर धूळ बसते तसे आपोआप बसतात.

आमचा जळगावचा ठिबकच्या फिल्टरचा कारखाना. फिल्टरमध्ये पंपानं पाणी दाबून भरायचं, सहा किलो प्रेशरला गळतो का बघायचं, हे माझं काम. मीटरच्या सहावर सुनेच्या लाल नेलपॉलिशनं खूण केली होती. काटा खुणेला आला की बास!

नवे इंजिनिअर साहेब आले. पहिला प्रश्न, "आबा, शाळा किती?"

"तिसरी."

"मग किलोतलं प्रेशर पास्कलमध्ये करणं तुम्हाला जमायचं नाही. महिनाभर बघतो, नाहीतर गेटवर बसा."

गेटवर! ज्या पंपाचा प्रत्येक नट माझ्या हातचा, तो सोडून गाड्यांचे नंबर लिहू?

त्याच आठवड्यात धुळ्याहून फोन. "सहाशे प्रेशरचा फिल्टर पाहिजे."

"सहाशे? तोफ पाहिजे का? वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीत विचारा!"

गिऱ्हाईक भडकलं. ते किलोपास्कलमध्ये बोलत होतं! शंभरनं भागलं की आपले सहा किलो. चूक माझी. पण एकदाच!

दसऱ्याला स्टोअरच्या अक्कानं थिनरनं मीटर लख्ख पुसला, माझी खूण घालवली, आणि काचेवर कुंकवाचं बोट लावलं. नेमकं दोनवर! दुसऱ्या दिवशी मी रजेवर. माझ्या जागी हेल्पर सुभाषनं दिवसभर लाल बोट बघून फिल्टर तपासले.

शेठ खूश. "आबा, काल एकही गळला नाही!"

"शेठ, दोन किलोला माझं धोतरसुद्धा गळायचं नाही!"

बठ्ठे, एकूण एक, पुन्हा तपासले.

मग साहेबांबरोबर साक्रीला एका शेतावर फिल्टर बसवायला गेलो. टेकडीवर टाकी, खाली शेत. साहेब मोबाइल दाबत बसले. "तीस मीटर उंची... दोनशे चौऱ्याण्णव किलोपास्कल!"

"तीन किलो," मी म्हणालो. दहा मीटर पाण्याला एक किलो, हे विहिरीवर काम केलेला कोणीही सांगेल.

"हिशेब कधी केलात?"

"चढताना!"

शेतकरी वैतागला. "भाऊ, पानी यी का नही, इतलंच सांगा!"

महिना भरला त्या दिवशी नवा मीटर आला, मेगापास्कलचा. शेठ बघायला उभे. काटा शून्य पॉइंट सहावर आला, मी पंप बंद केला.

"आबा, अजून एकसुद्धा झाला नाही! सहापर्यंत न्या!"

"साहेब, हेच सहा किलो."

"गेटवर जा!"

गेलो. पण गेटवर नाही; सुभाषला आणि शेठला हाताला धरून भिंतीमागं. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. काटा एकवर गेला आणि फाड! झाकणाचं रबर उडालं. साहेब केसांपासून बुटांपर्यंत ओले!

शेठ भिंतीमागून म्हणाले, "आबा, किती होतं?"

"एक मेगा म्हणजे दहा किलो. फिल्टर सहाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नव्या मीटरपाशी उभे. हातात नेलपॉलिशची कोरी बाटली.

"आबा, खूण कुठं करू?"

मी स्टूल ओढलं. ऐसपैस बसलो.

"शाळा किती झाली तुमची?"