दोन मिनिटांचा हार्मोन

मधुमेहाचं नाव निघालं की लोक साखरेबद्दल बोलतात. आमचे सर आतड्याबद्दल बोलत. म्हणून कॉलेजात त्यांचं नाव ‘आतडेवाले सर’. मी तिथला ग्रंथपाल, त्यामुळे ऐकणं हे माझ्या नोकरीतच होतं. घास पोटात गेला की आतडं जीएलपी-वन नावाचा हार्मोन सोडतं, तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतो आणि दोन मिनिटांत संपतो. “मंत्र्याच्या उलट,” सर म्हणत. “काम करतो आणि जातो.”

सातपुड्यातल्या एका झाडाची साल त्याला जास्त वेळ टिकवते का, एवढंच सरांना उंदरांवर पाहायचं होतं. मार्चमध्ये निवृत्ती होती. दोन वर्षं अर्ज केल्यावर त्या हार्मोनची एक बाटली मिळाली. त्यातली भुकटी विरघळवून, छोट्या नळ्यांत वाटून सरांनी फ्रीजरमध्ये गोठवली. प्रयोग दसऱ्यानंतर.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतले भिकाभाऊ सगळी यंत्रं पुसत, हळदकुंकू लावत. त्या वर्षी त्यांनी फ्रीजरलाही झेंडूची माळ घातली, बटन बंद केलं आणि घरी गेले. दसऱ्यानंतर सरांनी दार उघडलं, तर आत पाणी.

“भिकाभाऊ, बटन काबर बंद करं?”

“सर, मशीन वरीसभर राबस. एक दिन तिले बी सुट्टी नको का?”

सरांनी फ्रीजरचं दार लावलं. मग म्हणाले, “मले निवृत्ती, हिले सुट्टी. बरोबर शे.”

सर हा प्रयोग कॉलेजातल्या परिषदेत मांडणार होते आणि तोवर तिचा फलक छापून झाला होता, सरांच्या फोटोसह. प्राचार्य म्हणाले, “आहे तेच वापरा, सर. कोणाला कळणार आहे?”

“उंदरांना कळेल.”

परिषदेत आधी सत्कार झाले, शाली झाल्या, समईने पेटायला वेळ घेतला. मग सर उठले. “फ्रीजर बंद राहिला. हार्मोन वितळला, आता त्याचा भरवसा नाही. प्रयोग झालेला नाही.” भिकाभाऊंचं नाव न घेता ते खाली बसले. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मागच्या रांगेत भिकाभाऊ मान खाली घालून खुर्च्या मोजत होते.

नवी बाटली काही आली नाही. मार्चमध्ये सर निवृत्त होऊन प्रकाशा या आपल्या गावी गेले. जाताना फ्रीजरवर एक चिठ्ठी चिकटवून गेले: ‘पूजा जरूर करावी. बटन बंद करू नये.’

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम डोकावलो. फ्रीजर घरघरत होता, माळही होती. हळदकुंकू मात्र भिकाभाऊंनी फ्रीजरला लावलं नव्हतं. चिठ्ठीला लावलं होतं.