पाहुणी कोंबडी

येरवड्याच्या आमच्या गल्लीत सकाळी सगळ्यात आधी आईच्या खुराड्याची फळी सरकायची. वडील गेल्यापासून तिचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. कोंबड्या ती एकदम सोडत नसे. एकेक धरून काढायची, बगलेत दाबायची, करंगळी गोडेतेलात बुडवून मागून आत घालायची आणि आज अंडं आहे का ते बघायची. अंडं असलेली डालग्याखाली कोंडायची, नसलेली मोकळी. नाहीतर कोंबडी शेजारच्या मोरीमागे अंडं घालून येते आणि शेजारीण विचारते, कुठलं अंडं? मग कणी टाकायची, पाण्याचं भांडं घासायचं, खुराडं झाडून राख पसरायची, हातपाय धुऊन वंदना म्हणायची. त्या करंगळीची मला लहानपणापासून किळस होती. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे गेले तरी ती किळस गेली नाही. अंडी मात्र आवडीनं खायचे.

धाकटा भाऊ आयटीत लागला होता. कर्वेनगरात सहाव्या मजल्यावर फ्लॅट, बायकोचीही नोकरी, नुकतंच झालेलं बाळ. आई, तू आता आमच्याकडेच ये, असं त्याचं चाललं होतं. खरं तर त्यांना बाळ सांभाळायला बाई हवी होती, पण बोलताना ते तिला आई म्हणत. कोंबड्या कोण सोडणार, असं आई विचारायची. अंडी मी डझनानं आणून देईन, म्हणून तो हसायचा. अंड्यांचा प्रश्नच नव्हता. आपल्या दारात, आपल्या कामावर जगायचं होतं तिला, आणि कोंबड्या होत्या तोवर तिला कुणी हलवू शकत नव्हतं. मला तिचा हा हट्ट फार आवडायचा.

मग पलीकडची घरं बिल्डरनं घेतली. तिथली एक म्हातारी भाड्याच्या खोलीत राहायला निघाली आणि जाताना आपली काळी कोंबडी आईच्या ओटीत टाकून गेली. कोंबडी मलूल होती. जागा बदलली म्हणून रुसली असेल, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराडं उघडल्यावर तिनं काळीलाच आधी बाहेर काढलं. पाहुणीचा मान पहिला. तिला बघून झालं, मग त्याच करंगळीनं बाकीच्या.

काळी मेली. थोड्याच दिवसांत बाकीच्या हिरवट हगू लागल्या, त्यांच्या माना पिळवटल्या, चालताना गोल गोल फिरून पडू लागल्या. आईनं त्यांना लसूण भरवला, हळद पाजली. शेवटी मी एकीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मानमोडी आहे, डॉक्टर म्हणाले. लस आधी द्यायला हवी होती, आता औषध नाही. आम्ही दोघींनी घरामागे खड्डा खणला, चुना टाकला. आईनं प्रत्येक कोंबडी स्वतः खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मात्र रडले, आणि रडताना मला बिल्डरचा, त्या म्हातारीचा, सगळ्यांचाच संताप येत होता.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. मी दुपारी कळवल्यावर त्यानं मानमोडीबद्दल नेटवर वाचलं होतं आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"सिंपल आहे गं आई. एका आजारी पक्ष्याला हात लावला आणि तोच हात दुसऱ्याला लावला की पसरतं. तू तर रोज बोट घालायचीस सगळ्यांना. तूच पसरवलंस ते."

हे तो हसत म्हणाला. मी फोन बंद केला. आई आपल्या हाताकडे बघत होती.

"म्हणजे मीच मारल्या," ती म्हणाली.

तसं नाही, त्या खुराड्यातच एकत्र होत्या, कशाही गेल्याच असत्या, असं मी पुष्कळ सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा ती पिशवी घेऊन गाडीत बसली. आता अडवायला काहीच नव्हतं.

महिन्याभरानं मी कर्वेनगरला गेले. बाळ पाळण्यात रडत होतं आणि आई खिडकीपाशी बसून होती. ती बाळाला घेतच नाही, भावजय सांगू लागली. तेल लावायचं म्हटलं की उठून आत जाते. मी आईजवळ बसले.

"त्यांना सांग, दुसरी बाई बघा," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा नाही. लेकरू आहे ते."

भाऊ मला गॅलरीत घेऊन गेला आणि कुरकुरला, की आणल्यापासून आईचा हा रुसवा चाललाय, कोंबड्यांसाठी कुणी इतकं करतं का. तेव्हा मी त्याला त्या संध्याकाळचं त्याचं बोलणं शब्दाला शब्द ऐकवलं. आपण असं काही बोललो होतो, हेच त्याला आठवत नव्हतं.